फळझाडांच्या मुळांतील कृमी आणि त्यांची लाळ

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही व्हरांड्यात आलो, तेव्हा आमच्या एका वयस्क शेतकरी बांधवांनी पोत्यात घालून आणलेले पेरूचे झाड मुळांसकट पायरीवर ठेवले. झाड दोन वर्षांचे, कमरेइतके. पाने तांबूस पडलेली, शेंडे वाळलेले. आम्ही पाने उलटून कीड शोधू लागलो तर ते म्हणाले, "फादर, वर बघू नका, खाली बघा." खाली पाहिले, तर बारीक मुळी अशी जवळजवळ नव्हतीच. जाड मुळांवर हळकुंडासारख्या गाठीच गाठी होत्या. नखाने एक गाठ फोडली तेव्हा आत मोहरीपेक्षाही लहान, मोत्यासारखे पांढरे ठिपके दिसले.

अरेरा कॉलनीत नांगर धरणारे फारसे कोणी नाहीत, हे खरे. येथे बंगल्यामागे एखादा पेरू, एखादे लिंबू, कढीपत्ता, एवढीच शेती. परंतु आपल्याकडे येणाऱ्यांत सीहोर-रायसेनकडे जमीन कसणारी कुटुंबे आहेत, आणि मुलताई, पांढुर्णा, सौंसर भागातील घरची संत्र्याची बाग भावाच्या हाती ठेवून नोकरीसाठी भोपाळला आलेलीही आहेत. म्हणून या वेळी या पानावर त्या गाठींविषयी लिहीत आहोत.

आधी काकांची हकीकत सांगतो. त्यांनी दीड एकरात पेरू लावला. कलमे ट्रकने आलेल्या एका व्यापाऱ्याकडून घेतली, कारण ती स्वस्त होती आणि पाने हिरवीगार होती. दुसऱ्या वर्षी झाडे दुपारी मान टाकू लागली. त्यांना वाटले पाणी कमी पडते, म्हणून पाणी वाढविले. मग वाटले खत कमी, म्हणून युरिया दिला. शेवटी दुकानदाराने कागदी पुडीत बांधून दाणेदार औषध दिले. पुडीवर ना नाव, ना सूचना. काकांनी ते उघड्या हातांनी आळ्यात टाकले, त्याच हातांनी बिडी ओढली, आणि तासाभरात त्यांच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग घामाने भिजले, दिसेनासे झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अट्रोपीनची इंजेक्शने देऊन त्यांना वाचविले. झाडे मात्र वाचली नाहीत.

या गाठी करणाऱ्या जीवाला सूत्रकृमी म्हणतात. सुतासारखा, डोळ्यांना न दिसणारा हा किडा आहे. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू अर्धा मिलिमीटरही लांब नसते. जमिनीतील ओलीतून ते पोहत मुळीच्या टोकाशी जाते, तेथून आत शिरते, आणि मुळीच्या मध्यभागी, जेथून झाडाचे अन्नपाणी वाहते, तेथे ठाण मांडते. मादी एकदा बसली की पुन्हा हलत नाही. ती फुगून नासपतीच्या आकाराची होते (आम्ही फोडलेल्या गाठीतील मोती त्या याच) आणि चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत हा फेरा साधारण महिन्याभरात पुरा होतो. मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा नावाच्या जातीत तर अंड्यांसाठी नराचीही गरज पडत नाही. एक पिल्लू आत गेले तरी वंश चालू राहतो.

पेरूला अलीकडे ज्या जातीने विशेष छळले आहे तिचे नाव मेलॉइडोगायनी एन्टेरोलोबी. चीनच्या हैनान बेटावरील एका झाडाच्या मुळांत ती सापडली आणि १९८३ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. ब्राझीलमध्ये तिने पेरूच्या बागांच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि २०१६ मध्ये तामिळनाडूतील पेरूवर तिची नोंद झाली. काकांच्या झाडांत हीच होती की दुसरी, ते गाठीकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते.

संत्र्याचा कृमी निराळा. त्याचे नाव टायलेंक्युलस सेमिपेनेट्रन्स, म्हणजे अर्धा आत शिरणारा. मादी डोके मुळीत खुपसते आणि मागचे अंग बाहेर ठेवते. तो गाठी करीत नाही, म्हणून शेतकरी मुळे पाहूनही फसतो. त्याची खूण अशी की मादीच्या चिकट द्रवाला मातीचे कण धरून बसतात, आणि बारीक मुळ्या पाण्यात खळबळून धुतल्या तरी मळकटच राहतात. झाड एकदम मरत नाही. पाने लहान होतात, शेंड्याकडून फांद्या वाळतात, आंबिया बहाराची फळे बारीक राहतात, आणि पाच-सात वर्षांत बागेचा दम जातो. घरात भाऊभाऊ एकमेकांना दोष देतात की तू पाणी दिले नाहीस, तू खत चोरलेस. अशा एका भांडणात आम्हांला मध्यस्थी करावी लागली आहे. दोष दोघांचाही नव्हता.

पाणी कमी पडल्यासारखे झाड का दिसते, तेही समजून घ्यावे. मुळीच्या आतील नळ्याच गाठींनी वेड्यावाकड्या झाल्यावर आळे तुडुंब भरले तरी पाणी वर चढत नाही. उलट जखमांतून बुरशी आत येते. पेरूमध्ये सूत्रकृमी आणि फ्युसॅरियम बुरशी ही जोडी एकेकट्यापेक्षा पुष्कळ अधिक मारक ठरते, असे ब्राझीलमध्ये दिसून आले. अशा वेळी पाणी वाढविणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

आता औषधाकडे येतो, कारण काकांचा जीव त्यातच जाणार होता. पुडीत काय होते ते कोणी तपासले नाही. परंतु सूत्रकृमींसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे कार्बोफ्युरानचे दाणे विकले गेले आहेत, आणि काकांची लक्षणे त्या घराण्याचीच होती. ही विषे मारतात कशी? आपल्या मज्जातंतूकडून स्नायूला "आवळ" असा निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने. काम होताच ते रसायन पुसून टाकणारे एक प्रथिन शरीरात असते. शाळेतील फळ्याचे डस्टर समजा. कार्बोफ्युरान हे डस्टरच अडकवून ठेवते. फळा पुसला जात नाही, निरोपावर निरोप साचतात, लाळ, घाम, आचके सुरू होतात आणि शेवटी श्वास थांबतो. सूत्रकृमीमध्येही हेच डस्टर आहे, म्हणून तो मरतो. माणसात, बैलात, शेतात दाणे टिपणाऱ्या चिमणीतही तेच आहे. आमच्या मते सगळ्या अनर्थाचे मूळ येथेच आहे: आपण कृमीच्या ज्या प्रथिनावर घाव घालतो, ते त्याचे एकट्याचे नाही.

भोपाळकरांना हे सांगताना जीभ अडखळते. शहराच्या उत्तरेस युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटपासून मुख्यतः सेविन हे कीटकनाशक होत असे. टेमिक हेही त्या कारखान्याच्या मालापैकी. टेमिक म्हणजे अल्डिकार्ब, आणि अल्डिकार्ब हे सूत्रकृमींवरील जगभर खपलेले औषध. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जो वायू सुटला त्याने माणसे मेली ती फुप्फुसे जळून. औषधाची विषबाधा आणि वायूची बाधा यांची गल्लत करू नये. तरीही जे पदार्थ करण्यासाठी तो वायू टाक्यांत साठविला होता, त्यांतील एक या किड्यासाठी होता, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. पुढच्याच वर्षी, १९८५ च्या जुलैत, अमेरिकेतील कॅलिफोर्नियात कलिंगडांवर बेकायदा वापरलेल्या अल्डिकार्बने हजाराहून अधिक माणसे आजारी पडली. त्याआधी डीबीसीपी नावाचे दुसरे सूत्रकृमीनाशक बनविणाऱ्या कामगारांत वंध्यत्व आढळले होते; ते १९७७ साली उघडकीस आले. अल्डिकार्ब आणि डीबीसीपी दोन्ही भारतात बंद आहेत. कार्बोफ्युरानचीही ३ टक्के दाणेदार रूप सोडून बाकीची रूपे केंद्र सरकारच्या २०२३ च्या आदेशाने बंद झाली.

मग कृमीचे स्वतःचे असे, आपल्यात नसलेले काय आहे? शास्त्रज्ञ गेली काही दशके हेच शोधीत आहेत, आणि त्यांचे लक्ष गेले ते कृमीच्या लाळेकडे.

सूत्रकृमीच्या तोंडात इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ सुई असते. तिच्यातून तो मुळीच्या पेशीत लाळ सोडतो. लाळेत असतात प्रथिने, आणि त्यांतील प्रत्येकाचे काम ठरलेले. पहिले काम भिंत फोडण्याचे. वनस्पतीच्या पेशीची भिंत सेल्युलोजची. आपली गाय-म्हैस गवत खाते, पण सेल्युलोज तिला स्वतःला पचविता येत नाही; ते काम तिच्या पोटातील जंतू करतात. प्राण्यांची सर्वसाधारण तऱ्हा अशी असताना १९९८ साली बटाटा व सोयाबीनवरील सूत्रकृमींत सेल्युलोज तोडणारी प्रथिने आढळली, आणि ती बनविण्याची जनुके कृमीच्या स्वतःच्या अंगात होती. जनुकांची ठेवण जंतूंशी जुळते. म्हणजे फार प्राचीन काळी या किड्याच्या पूर्वजांनी जंतूकडून हे हत्यार उचलले असावे. पाइनची झाडे मारणारा एक सूत्रकृमी आहे. जपानमध्ये पाइनची अरण्ये वाळत चालली होती, त्याचे कारण तो आहे हे १९७१ मध्ये सिद्ध झाले. त्याच्याजवळही तसलेच हत्यार निघाले, मात्र ते बुरशीकडून घेतलेले दिसते. परक्याचे औजार घेऊन परक्याचे घर फोडणारा असा चोर आम्ही तरी दुसरा ऐकला नाही.

दुसरे काम अधिक अजब आहे. गाठीचा कृमी पेशीला मारीत नाही, तिला फितवितो. लाळेतील प्रथिनांच्या हुकुमाने मुळीच्या काही पेशी दुभंगण्याऐवजी फुगतच जातात, एकेकीत अनेक केंद्रके होतात, आणि त्या कृमीसाठी अन्न ओढणाऱ्या दायी बनतात. झाड समजते आपण वाढतो आहोत, आणि पोसते शत्रूला. आणखी काही प्रथिने झाडाची प्रतिकारशक्ती झोपवून ठेवतात.

या लाळेचा अभ्यास करावयाचा म्हणजे काय कष्ट! मुळ्यांतून लाखो पिल्ले धुऊन काढावयाची, त्यांना लाळ गाळावयास लावावयाचे, आणि मग रेणूंचे वजन करणाऱ्या यंत्राने एकेक प्रथिन ओळखावयाचे. २००८ मध्ये इन्कॉग्निटा जातीच्या स्रावात अशी ४८६ प्रथिने ओळखली गेली. त्याच वर्षी या कृमीच्या जनुकांचा सगळा आराखडाही वाचून झाला. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, जीवशास्त्र नव्हे. तेव्हा या यंत्रांविषयी आमच्याकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

परंतु त्याचा उपयोग काय, हे सांगता येते. जनुक हे मूळ दप्तर. त्यातून निरोपाची चिठ्ठी निघते आणि चिठ्ठीप्रमाणे प्रथिन तयार होते. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी एका निरुपद्रवी सूत्रकृमीवर प्रयोग करून दाखविले की ठराविक प्रकारचा आरएनए दिला तर नेमकी तेवढीच चिठ्ठी फाडता येते. त्यांना २००६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच साली अमेरिकेत एका लहानशा प्रयोगवनस्पतीत असा आरएनए तयार होईल अशी सोय केली गेली. कृमीने रस ओढला की त्याच्या लाळेतील १६डी१० नावाच्या एका प्रथिनाची चिठ्ठी फाटे. गाठी ६३ ते ९० टक्क्यांनी कमी झाल्या. ज्या प्रथिनावर नेम धरला ते माणसात नाही, बैलात नाही, चिमणीत नाही. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतही टोमॅटो-वांग्यावर या दिशेने काम झाले आहे. पेरू-संत्र्याचे असे कलम मात्र बाजारात नाही. कोणी "जनुकवाले कलम" म्हणून विकू लागला तर पैसे देऊ नयेत.

हा विचार आपल्याला अगदीच नवीन नाही. दरवर्षी १० फेब्रुवारीला शाळेत मुलांना जंताची गोळी देतात ना? ती अल्बेंडाझोल. जंताच्या पेशीचा सांगाडा ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचा असतो, आणि गोळी त्याला घट्ट धरते. आपल्यातही ट्युब्युलिन आहे, पण त्याची घडण थोडी वेगळी असल्याने गोळी त्याला फार कमी चिकटते. म्हणून जंत मरतो आणि पोर दुसऱ्या तासाला खेळते. काही माता ती गोळी मुलांना चुकवितात, ते बरे नव्हे. झाडांसाठीही अशीच गोळी हवी आहे. शोध चालू आहे तो तिचाच.

तोवर करावयाचे काय? सर्वांत महत्त्वाचे एकच: कलम घेताना मुळे पाहावीत. नर्सरीवाल्याला राग आला तरी चालेल, पन्नास कलमांतील चार-पाचांची पिशवी फाडून माती झटकून मुळे पाहण्याची अट घालावी, आणि एकावर जरी गाठ दिसली तरी गाडी परत पाठवावी. सूत्रकृमी स्वतःच्या बळावर वर्षाला हात-दोन हातही जात नाही. त्याला मैलोगणती नेतो तो आपला ट्रक, पिशवीतील माती, आणि एका शेतातून दुसऱ्यात न धुता नेलेला नांगर.

ज्या जागी झाडे मेली तेथे लगेच पुन्हा पेरू लावू नये. मे महिन्यात खड्ड्याची माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाकावी. आपल्याकडचे ऊन त्या कामी फुकट मिळते. झेंडूची मुळे गाठीच्या कृमीला मारक असतात, पण बांधावर दोन रोपे लावून काही होत नाही. खड्ड्यांच्या जागी दाट झेंडू दोन-तीन महिने उभा हवा. निंबोळी पेंड झाडामागे एक-दोन किलो द्यावी आणि तिच्यात ट्रायकोडर्मा किंवा अंडी खाणारी पर्प्युरिओसिलियम बुरशी मिसळावी. पेरूच्या ओळींत टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी घेऊ नये. भाजीचे चार पैसे मिळतात खरे, पण ही सर्व पिके त्याच कृमीचे पाहुणचार करणारी आहेत. संत्र्याला मुळातच प्रतिकारक खुंट हा खरा उपाय. तीन पानी संत्र्याचा, म्हणजे ट्रायफोलिएटचा खुंट या कृमीला दाद देत नाही, तर आपल्याकडील जंभेरी लवकर बळी पडते. मात्र कोणता खुंट तुमच्या जमिनीत चालेल ते नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारल्याशिवाय बदलू नये. पेरूसाठी ब्राझीलमध्ये रानपेरूशी संकर करून प्रतिकारक खुंट काढला आहे, एवढे माहितीसाठी.

संशय आल्यास नमुना पाठवावा. पुष्कळजण मेलेल्या झाडाखालची माती नेतात, ती व्यर्थ. मुळे कुजली की तेथे कृमी फारसे उरत नाहीत. आजारी पण जिवंत अशा चार-पाच झाडांच्या घेरातून वीतभर खोलीवरची माती आणि बारीक मुळ्या घ्याव्यात, एकत्र करून अर्धा किलो पिशवीत बांधाव्यात, सावलीत ठेवून दोन दिवसांत पोहोचवाव्यात. सीहोरच्या कृषी महाविद्यालयात किंवा भोपाळला नबीबागच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रथम चौकशी करावी.

आणि विषारी औषध टाकावेच लागले तर सीलबंद डबा आणि पक्की पावती यांशिवाय घेऊ नये, पुडी तर मुळीच नाही. हातमोजे घालावेत, काम संपेपर्यंत बिडी-तंबाखू बंद. लाळ, घाम, डोळ्यांना अंधारी यांपैकी काही दिसताच कपडे काढून अंग साबणाने धुवावे, उलटी काढावयास लावू नये, आणि डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. डबा पाहिला की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

काकांनी मेलेली झाडे मुळांसकट काढून शेतातच जाळली. दीड एकर मे महिन्यात प्लॅस्टिकखाली होते, आता तेथे झेंडू आहे. पुढच्या पावसाळ्यात नवी कलमे घ्यावयाची आहेत आणि पिशव्या फाडून पाहण्यासाठी आम्ही बरोबर यावे असा त्यांचा आग्रह आहे. फुलांचे पहिले दोन क्रेट त्यांनी मागच्या आठवड्यात विकले. तिसरा पोत्यात घालून आमच्या व्हरांड्यात आणला, त्याच पायरीवर.